स्पॉकचं रक्त हिरवं कसं? परग्रहवासी तपासायची माझी पद्धत

माझी भाची बारावीच्या सुट्टीत आमच्याकडे मालवणला आली आणि ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची जुनी मालिका बघायला बसली. त्यात स्पॉक नावाचा परग्रहवासी आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मावशी, स्पॉकच्या रक्तात लोहाऐवजी तांबं आहे, म्हणून ते हिरवं. असं होऊ शकतं?” मी जीवशास्त्र शिकवते, तरी उत्तराला तीन संध्याकाळी लागल्या. त्यात जी पद्धत हाती आली ती सांगते. कुठल्याही मालिकेतल्या परग्रहवासीयाला ती चालते.

“असा प्राणी शक्य आहे का?” हा प्रश्न आधी बाजूला ठेवा, तो फार मोठा आहे. शरीरातली एकच गोष्ट धरा. वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे मालिकेत जे दाखवलंय किंवा बोललं गेलंय तेवढंच लिहा. उजवीकडे लिहा, हे खरं असेल तर आणखी काय काय खरं असावं लागेल. सगळी मजा उजव्या बाजूला आहे.

मग ती गोष्ट पृथ्वीवर कुणाकडे आहे का ते शोधा. तांब्याच्या रक्तासाठी आम्हाला मासळी बाजारापलीकडे जावं लागलं नाही. जिवंत कुर्ली आणली होती. तिच्या मोडलेल्या पायातून आलेला थेंब पांढऱ्या बशीत घेतला. आधी पाण्यासारखा होता, हवा लागल्यावर हळूहळू निळसर झाला. हे हिमोसायनिन, ऑक्सिजन वाहणारं प्रथिन. त्यात तांबं असतं. ऑक्सिजन धरला की निळं, सोडला की रंगहीन. कोळंबी, माकूल, ऑक्टोपस, सगळे यावरच जगतात. तेव्हा तांब्याला हरकत नाही. पण बशीत निळं दिसलं, हिरवं नाही.

इथे भाची हिरमुसली. तिला म्हटलं, आता कारण आणि परिणाम सुटे कर. कलई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, तांब्याच्या हंड्यावर हिरवा थर चढतो, म्हणून तांबं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवंच येतं. रक्तात तसं होत नाही. हिरवं रक्त मात्र खरोखर आहे! न्यू गिनी बेटावरच्या काही सरड्यांसारख्या प्राण्यांचं, म्हणजे स्किंकांचं, रक्त हिरवंगार असतं. मुका मार लागल्यावर आपल्या कातडीवर जो हिरवट डाग येतो, त्यातलं बिलिव्हर्डिन त्यांच्या रक्तात प्रचंड साठलेलं असतं. पण ऑक्सिजन वाहायला त्यांच्याकडेही लोहाचं हिमोग्लोबिनच आहे. म्हणजे हिरवा रंग शक्य, तांबंही शक्य, पण ‘तांबं म्हणून हिरवं’ हे जमत नाही. अशी जोडणी तुटली की पानावर फुली मारा आणि पुढे चला. एका फुलीने प्राणी बाद होत नाही.

पुढची पायरी आकड्यांची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. माणसाचं १०० मिलिलिटर रक्त साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. हिमोसायनिनवालं रक्त जेमतेम ४-५. माणसाचा मेंदू विश्रांतीतही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. आता स्पॉकचा ग्रह व्हल्कन बघा: उष्ण, कोरडा, हवा विरळ, गुरुत्वाकर्षण जास्त. त्यात त्याचा तल्लख मेंदू आणि माणसापेक्षा दांडगी ताकद. एवढा ऑक्सिजन आणायचा कुठून? १९६६ सालच्या एका भागात यानावरचा डॉक्टर मॅकॉय त्याची नाडी २४२ सांगतो. भाची टुणकन उठली: “रक्त ऑक्सिजन कमी वाहतं म्हणून हृदय जोरात चालतं!” बरोबर, हे छान बसतं. पण त्याच वाक्यात रक्तदाब जवळपास नाहीच असं तो म्हणतो, ते बसत नाही. हिमोसायनिन पेशींत नसतं, रक्तद्रवातच विरघळलेलं असतं. रक्त घट्ट होतं आणि ढकलायला दाब लागतो. ऑक्टोपसला तीन हृदयं आहेत ती उगाच नाहीत.

न बसणारं सापडलं की दुरुस्ती सुचवा. माझ्या वर्गात नुसतं ‘चूक’ लिहिणाऱ्याला मी अर्धेच गुण देते. आम्ही दोन सुचवल्या. हिमोसायनिन पेशींत भरलं, म्हणजे रक्त पातळ राहून जास्त माल वाहील. आणि फुफ्फुसं पक्ष्यांसारखी दिली, हवा एकाच दिशेने वाहणारी. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर उतरणारे पट्टकदंब हंस तसल्याच फुफ्फुसांच्या मदतीने हिमालयाच्या विरळ हवेतून येतात.

वंशाचा प्रश्न लवकर निकालात निघतो. स्पॉकची आई माणूस, वडील व्हल्कन ग्रहावरचे. घोड्याची ६४ गुणसूत्रं, गाढवाची ६२, दोघं जवळचे नातलग, तरी खेचराला सहसा पिल्लू होत नाही. आपलं नातं व्हल्कनांपेक्षा अंगणातल्या फणसाशी जवळचं, कारण फणस आणि आपण एकाच पूर्वजाचे. इथे प्रयोगशाळेची मदत मानल्याशिवाय गत्यंतर नाही.

घर तपासायला मात्र विसरू नका. व्हल्कनचा सूर्य म्हणून ४० एरिडॅनी हा तारा मानतात. तो १६ प्रकाशवर्षांवर आहे, आपल्या सूर्याहून थंड. म्हणजे उष्ण ग्रह त्याच्या बराच जवळ हवा. २०१८ साली तिथे ग्रह सापडल्याचं जाहीर झालं होतं, २०२४ च्या अभ्यासात ती ताऱ्याच्याच पृष्ठभागावरची हालचाल ठरली. तारा मात्र जानेवारीच्या अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसतो: मृग नक्षत्रातल्या राजन्य ताऱ्यापासून पश्चिमेला वीतभर. आम्ही गच्चीवरून पाहिला. भाची बराच वेळ काही बोलली नाही.

सरावाला त्याच मालिकेतली, १९६७ च्या भागातली होर्टा घ्या. खडक पोखरणारी, सिलिकॉनची बनलेली. आपण कार्बन जाळतो आणि वायू उच्छ्वासातून सोडून देतो. सिलिकॉन जाळला तर वाळू होते. ती वाळू होर्टा कुठून बाहेर टाकते, हे उजव्या बाजूला पहिलं लिहा.