जुनी हाय बोनेट जीप: अंगावरचा रंग राखून गाडी चालती करताना

जीप गॅरेजमध्ये आली की पहिले आठ दिवस कुणालाही पॉलिश पेपर हातात घेऊ देऊ नका. महिंद्राच्या पेट्रोल सीजे-३बीचे (हीच हाय बोनेट जीप) इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचे बहुतेक सुटे भाग आजही मिळतात. मिळत नाही तो बोनेटवरचा, पन्नास उन्हाळे खाऊन विटलेला रंग. तो एकदा उडाला की संपला. म्हणून दिसतं ते राखायचं, दिसत नाही ते नव्यासारखं करायचं, आणि ब्रेक-स्टिअरिंगमध्ये जुनेपणाचं कौतुक अजिबात करायचं नाही.

(हाय बोनेट हे नाव इंजिनामुळे पडलं. १९५३ साली आलेल्या या मॉडेलच्या २,१९९ सीसी हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह ब्लॉकमधून वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि बोनेटही उचलावं लागलं.)

आधी कागद

चासी नंबर आणि इंजिन नंबरवर आरटीओसाठी घेतात तसा कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि फोटो काढा. त्या जागेवर ग्राइंडर चालवायचा नाही, लांबी (पुट्टी) भरायची नाही. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदता येते. त्याचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. नोंदणी झाल्यावर अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. रोज चालवायची असेल तर नेहमीचं पुनर्नोंदणीचं आरसीच बरं.

धुणं आणि रंगाचे थर वाचणं

प्रेशर वॉशर नको. सुटलेल्या रंगाचे पापुद्रे त्याने उडतात. बादलीभर पाण्यात सौम्य शाम्पू, मऊ फडकं आणि सांध्यांसाठी जुना टूथब्रश. डॅशबोर्डवरच्या प्लेटला पितांबरी किंवा चिंच लावायचा मोह आवरा, अक्षरांमधला रंग निघून जातो.

मग एक लहान खिडकी उघडा. मडगार्डच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत ४०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून गोल फिरवा. पुढे ८००, मग १५००. झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसू लागतात: वरचा थर, त्याखालचा जुना रंग, लाल ऑक्साइड (गंजरोधक अस्तर), आणि मधोमध पत्रा. सरकारी खात्यातून लिलावात निघालेल्या गाड्यांवर तीन-चार रंग सहज सापडतात. कोणता थर मूळचा आणि कोणता कुणी ब्रशने फासलेला हे इथेच कळतं. वरचा थर हलक्या दर्जाचा असेल तर मूळ रंगापर्यंत १५०० नंबरने हळूहळू उतरता येतं, पण एका वेळी वीतभर जागाच घ्या.

गंज: राखायचा कोणता, काढायचा कोणता

वरून तपकिरी, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागणारा गंज पृष्ठभागावरचा असतो. तो राहू द्या. फुगलेला, पापुद्रे सुटणारा, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर आत जाणारा गंज पत्रा खातोय. तिथे कापल्याशिवाय इलाज नाही.

रंगावर पसरलेले गंजाचे ओघळ ऑक्झॅलिक ॲसिडने जातात आणि खालचा रंग शाबूत राहतो. लिटरभर कोमट पाण्यात ३० ग्रॅम पूड विरघळवा. जुन्या सुती साडीचा तुकडा त्यात भिजवून डागावर चिकटवा, वर प्लॅस्टिक लावा, म्हणजे सुकणार नाही. दर अर्ध्या तासाने उचलून बघा. दोन ते चार तास पुरतात. नंतर लिटरला २० ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच उन्हात कोरडं करा. ओलं राहिलं तर संध्याकाळपर्यंत नवा नारिंगी गंज चढतो. आधी लपलेल्या जागी चाचणी घ्याच, काही रंग फिके पडतात. हे ॲसिड विषारी आहे: हातमोजे, चष्मा लावा आणि मुलं-जनावरं लांब ठेवा. संडास धुण्याचं ॲसिड मात्र गाडीच्या जवळही नको. ते सांध्यांत शिरतं आणि धुतल्यावरही महिनोन्महिने आतून खात राहतं.

सुटे ब्रॅकेट, बिजागऱ्या, पेडल यांच्यासाठी धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. प्लॅस्टिकच्या टपात चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा सोडा. भाग चार्जरच्या निगेटिव्हला, साध्या लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला. स्टेनलेस स्टील वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करा. या पद्धतीने रंगही सुटतो, तेव्हा बाहेरून दिसणाऱ्या पत्र्याला ती लावायची नाही. पाटे (लीफ स्प्रिंग), इतर स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्टही यात टाकू नका, ते ठिसूळ होतात.

पत्रा जोडणं

फ्लोअरखाली टोपीच्या आकाराचे चॅनेल असतात. त्यांत चिखल साचतो आणि ते आतून कुजतात. वरून फ्लोअर ठीक दिसतो. हातोडीने ठोकत जा: खणखणीत आवाज म्हणजे बरं, बद्द आवाज म्हणजे गेलं. नव्या चॅनेलला पाणी निघायला ८ मिमीची भोकं ठेवा. चासीवर स्टिअरिंग बॉक्सच्या माउंटिंगजवळ आणि पाट्यांच्या हँगरजवळ तडे शोधा. तडा सापडला की त्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, व्ही खाच काढा, मगच वेल्डिंग. नाहीतर तडा वेल्डिंगच्या पुढे सरकतो.

बॉडीसाठी १.२ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, मिग मशिन (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशिन), ०.८ मिमीची तार. कडेला कड भिडवून जोडा. पत्र्यावर पत्रा चढवला तर मधल्या फटीत पाणी राहतं आणि पाच वर्षांत तिथूनच फोड येतात. एका वेळी सेंटिमीटरभरच वेल्ड मारा, मग दुसऱ्या टोकाला जा, आधीचा जोड हाताला गार लागेपर्यंत परत येऊ नका. जुना रंग वाचवायचा असेल तर वेल्डिंग आतल्या बाजूने करा आणि बाहेरून सांध्यापासून तीन बोटं सोडून ओलं फडकं धरा. तरी दोन-तीन सेंटिमीटर रंग जळतोच. जोडाची रेघ बॉडीच्या घडीवर किंवा कोपऱ्यात आणली तर तो लपतो. टाकीजवळ काम असेल तर ड्रायव्हर सीटखालची पेट्रोल टाकी आधी काढून अंगणात ठेवा.

नव्या तुकड्याला जुन्याच्या पंगतीत बसवणं हे खरं कौशल्याचं काम. रंग जुळवायला नमुना बोनेटवरून घेऊ नका. डॅशबोर्डखालून, ऊन न लागलेल्या जागेचा घ्या आणि साधा एनॅमल बनवून घ्या. रेड ऑक्साइड, वर दोन पातळ हात. आठवडाभर पूर्ण कडक होऊ द्या. मग १००० नंबरने पाण्यासोबत घासा, जोर फक्त तिथे जिथे वर्षानुवर्षं हात, बूट आणि पाणी लागलं असतं: कडा, पायरीची जागा, हुकाभोवती. सगळीकडे सारखं घासलं की डोळ्याला लगेच खोटं वाटतं. मीठ-व्हिनेगर शिंपडून नवा गंज आणणं तर नकोच. तो खरा गंज असतो आणि थांबत नाही.

वरचं आवरण

गंजक्या पत्र्यावर टू-के मॅट क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचं, चमक नसलेलं पारदर्शक लॅकर) मारायचा सल्ला सर्रास मिळतो. आम्ही तो देत नाही. गंजात दडलेला ओलावा क्लिअरखाली कोंडतो, धाग्यांसारख्या रेषा पसरतात, आणि क्लिअर उतरवायला गेलं की जुना रंगही जातो.

जवसाचं उकळलेलं तेल आणि टर्पेंटाइन समान प्रमाणात मिसळून अगदी पातळ हात द्या, २० मिनिटांनी पुसून काढा, तीन दिवसांनी दुसरा. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेतच. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवलीत तर ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा एकेक पसरून वाळवा. कोकणात आणि मुंबईत या तेलावर पावसाळ्यात बुरशी धरते. तिथे मायक्रोक्रिस्टलाइन मेण किंवा लॅनोलिनचं मेण बरं, वर्षातून दोनदा, पैकी एकदा मेअखेर. चॅनेलच्या आत मात्र कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) नळीने सढळ हाताने मारा.

नट-बोल्ट, ब्रेक, तेल

अडकलेल्या बोल्टवर गॅसची ज्योत लावली की बाजूचा रंग गेला. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ भेदक तेल (पेनिट्रेटिंग ऑइल) सोडा, मग आधी किंचित आवळून नंतर सैल करा. आटे इंचाचे आहेत, यूएनएफ (बारीक) आणि यूएनसी (जाड). दुकानदार ५/१६ ऐवजी एम-८ चा नट देतो, तो दोन आटे चढतो आणि पुढे सगळं सोलतो. मूळ बोल्ट साफ करून पुन्हा वापरा. चकचकीत झिंक डोकी विटलेल्या पत्र्यावर लांबून दिसतात.

ब्रेक संपूर्ण नवे: मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा), चारही व्हील सिलिंडर, होज, पाइप, लायनर. जुन्या गाडीत ब्रेक ऑइलचं सर्किट एकच असतं, एक होज फुटला की पेडल तळाला. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली असल्याने पाणी-चिखल खातो. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे बसतो. तिथला ऑइल सील गळला की लायनर तेलाने भिजतात आणि घाटात गाडी थांबत नाही, म्हणून लायनर बदलण्याआधी सील बदला.

गिअरबॉक्सला सुमारे १.२ लिटर आणि ट्रान्सफर केसला १.६ लिटर तेल लागतं, दोन्हींत जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल. जीएल-५ मधली काही रसायनं पितळी भागांना मारक ठरतात; ते पुढच्या-मागच्या डिफरन्शियलसाठी (ॲक्सलमधल्या गिअरपेटीसाठी), प्रत्येकी १.२ लिटर. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. जुना रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम त्याने फुगतो, दोन्ही इथेनॉल सोसणारे घ्या.

दिवे मंद लागत असतील तर अर्थिंगसाठी रंग खरवडू नका. प्रत्येक दिव्यापासून चासीपर्यंत वेगळी काळी वायर ओढा.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकल (पाटे चासीला जोडणाऱ्या कड्या) आणि व्हील नट पुन्हा आवळा. डाव्या बाजूच्या स्टडच्या टोकावर इंग्रजी एल असेल तर ते उलट आट्यांचे आहेत, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचे. हे माहीत नसलेला पंक्चरवाला त्यावर पाइप लावून उभा राहतो आणि स्टड तुटतो. नट मोकळे करताना त्याच्या शेजारी उभे राहा.