इनाम-वतनाच्या कागदांतून घराण्याचा माग कसा काढावा

घराण्याचा इतिहास शोधू पाहणारे अनेक जण केवळ आडनाव हाताशी घेऊन थेट जुन्या दप्तरांकडे वळतात आणि निराश होऊन परततात, कारण मराठेशाहीच्या कागदांत आडनाव असेलच असे नाही. तिथे माणूस ‘राणोजी बिन संताजी, मौजे अमुक’ असा भेटतो. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की आडनावाऐवजी जमिनीचा नंबर धरून मागे जावे. जमीन जागची हलत नाही आणि प्रत्येक पिढीला तिच्यावर आपले नाव लावून घ्यावे लागते.

आरंभ आजच्या सातबाऱ्यापासून करावा. त्यावर जुन्या फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदींचे, क्रमांक दिलेले असतात. त्यांतील प्रत्येक क्रमांकाची नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. वारसाचा फेरफार हा वंशावळीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद, कारण त्यात मृत्यूची तारीख आणि वारसांचे मयताशी असलेले नाते येते. विधवेचे किंवा मुलींचे नाव पुष्कळदा याच एका ठिकाणी सापडते. मात्र नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिलेले दिसले तर थांबावे. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असून त्याचे भाऊ त्या नोंदीत दिसत नाहीत, म्हणून तो एकुलता एक होता असा निष्कर्ष काढू नये. वाटणीचे किंवा ए.कु.मॅ. शेरा कमी करण्याचे पुढील फेरफार शोधले की भावांच्या शाखा उलगडतात. हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. फेरफार आपल्याला साधारण तिथवर नेतात.

मधे एक अडसर येतो. १९४७ च्या कायद्याखाली जिथे एकत्रीकरण झाले, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातील एकत्रीकरणाच्या कागदांवरून घालावा. काही जिल्ह्यांतील जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही पाहता येतात.

जमीन इनामाची (सारा माफ वा कमी करून दिलेली) किंवा वतनाची (वंशपरंपरागत कामाच्या मोबदल्यात मिळालेली) होती का, हे गाव नमुना ३ या दुमाला, म्हणजे अशा सवलतीच्या, जमिनींच्या नोंदवहीवरून कळते. ‘इनाम वर्ग ३’ म्हणजे देवस्थान, ‘६ ब’ म्हणजे गावकामगारांचे कनिष्ठ वतन. परगणा (अनेक गावांचा जुना महसुली विभाग) व कुलकर्णी वतने १९५० च्या, जात इनामे (व्यक्तीला दिलेली इनामे) १९५२ च्या आणि कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. वतनांच्या बाबतीत नजराणा भरून जमीन पुन्हा मिळाल्याचा फेरफार त्यानंतरच्या वर्षांत शोधावा. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तिथली कागदपत्रे निराळी आहेत. हे विवेचन मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यापुरते आहे.

याही मागे जायचे तर इनाम कमिशनचे दप्तर महत्त्वाचे. १८५२ च्या कायद्याने इनामदारांच्या हक्कांची तपासणी झाली, तेव्हा इनाम कोणी, कोणास, कशासाठी दिले आणि ते वारसाने कसे उतरले हे त्यांना सिद्ध करावे लागले. या चौकशीसाठी दिलेल्या कैफियतींत (लेखी निवेदनांत) आणि वंशावळींत एकेका घराच्या अनेक पिढ्या सापडू शकतात. हक्क टिकवण्यासाठी केलेले ते कथन असल्याने मूळ सनदेशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर पूर्ण विसंबू नये.

यासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात, जिथे पेशवे दफ्तर आहे, रीतसर अर्ज करावा आणि मागणीत मौजे, तर्फ (परगण्याचा पोटविभाग) व परगणा लिहावा, कारण आजचा तालुका तेव्हाचा असेलच असे नाही. कागद मोडी लिपीत असतात. स्वतः शिकावे किंवा जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. सनावळीकडे विशेष लक्ष द्यावे. ‘सन सबैन मया व अलफ’ म्हणजे सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात शुहूर सन (अरबी संख्याशब्दांत लिहिला जाणारा तेव्हाचा सन) ११७०. हे साल मृगापासून सुरू होते, म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदास ५९९ आणि त्यानंतरच्या महिन्यांस ६०० मिळवावेत. हा सन १७६९-७० ठरतो. रुमालाचा (कागदांच्या कापडी गाठोड्याचा) क्रमांक तिथल्या तिथेच टिपून घ्यावा, नाहीतर तोच कागद पुन्हा काढताना सगळा शोध नव्याने करावा लागतो.