शिकारीची रायफल घेताना धक्क्याचा हिशेब कसा करावा

दुकानात सगळ्यांना हलकी रायफल आवडते. डोंगर चढताना ती सुखाची वाटते, पण चाप ओढल्यावर तोच हलकेपणा खांद्यावर येतो: गोळी पुढे जाते तशी रायफल मागे येऊन धक्का देते. धक्का सोसत नसेल तर नेमबाज चाप ओढण्याआधीच दचकतो, गोळी भरकटते आणि जनावर जखमी होऊन निसटतं. म्हणून निवडीचा क्रम असा ठेवा: आधी काडतूस, मग वजन, मग दस्त्याचं, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचं माप. जोडउपकरणं सर्वांत शेवटी.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे भारतात शिकारीला बंदी आहे. त्यामुळे इथला विषय अमेरिकेतल्या परवान्याच्या शिकारीचा आहे आणि उदाहरण कोलोरॅडोचं.

१. काडतूस ठरवा

कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीची जाडी, इंचांत) आणि ७० ग्रेनची गोळी लागते (७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड), एल्क या मोठ्या हरणासाठी ८५ ग्रेनची. शिवाय १०० यार्डांवर गोळीत किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा उरली पाहिजे. या अटी .२४३ विंचेस्टर हे सौम्य काडतूसही पार करतं. म्हणजे हरणासाठी मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं जोरदार काडतूस घेण्याचं काहीच कारण नाही. दुकानदार बहुधा उलट सांगेल.

८ पौंडांच्या रायफलीत नेहमीच्या काडतुसांचा धक्का अंदाजे असा येतो: .२४३ विंचेस्टर (१०० ग्रेन) १० फूट-पौंड, ६.५ क्रीडमूर (१४० ग्रेन) १३, .३०८ विंचेस्टर (१५० ग्रेन) १६, .३०-०६ (१८० ग्रेन) २२ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम (१८० ग्रेन) ३०. नवख्याने १५ च्या आसपास थांबावं. विसाच्या पुढे बरेच अनुभवी लोकही नकळत दचकू लागतात.

२. वजनाचं गणित स्वतः करा

गोळीचं वजन (ग्रेन) गुणिले तिचा वेग (फूट प्रतिसेकंद), अधिक काडतुसातल्या दारूचं वजन (ग्रेन) गुणिले ४,७०० (दारूच्या वायूचा धरलेला वेग). या बेरजेला ७,००० ने आणि मग रायफलीच्या पौंडांतल्या वजनाने भागा. येतो तो रायफल मागे येण्याचा वेग. त्याचा वर्ग करून रायफलीच्या वजनाने गुणा आणि ६४.४ ने भागा, की ऊर्जा मिळते.

.३०८ मध्ये १५० ग्रेनची गोळी २,८२० च्या वेगाने जाते आणि दारू साधारण ४६ ग्रेन असते, असं धरू. ८ पौंडांच्या रायफलीत धक्का सुमारे १६ येतो, साडेसहा पौंडांच्या रायफलीत तोच २० होतो. मागे येण्याचा वेगही ११ वरून १४ फूट प्रतिसेकंदावर जातो. वेग वाढला की ढकलल्यासारखं न वाटता ठोसा बसल्यासारखं वाटतं. वजन धरताना दुर्बीण आणि तिच्या कड्या मोजा. त्यांचाच सव्वा-दीड पौंड होतो.

३. दस्ता अंगाला लागतो का ते पाहा

कागदावर सारखाच धक्का असलेल्या दोन रायफली खांद्याला अगदी वेगळ्या लागतात, त्या इथे. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, शिकारीचं जाड जॅकेट घाला आणि मगच ती खांद्याला लावा. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक दंडाला टेकवलं की बोटाचं पहिलं पेर चापावर यायला हवं. बहुतेक रायफलींत ही लांबी साडेतेरा इंचांच्या आसपास असते. दस्ता आखूड असेल तर अंगठा नाकावर आदळतो आणि दुर्बीण भुवईला लागते. लांब असेल तर तो जॅकेटात अडकून खांद्याऐवजी दंडावर बसतो.

मग डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. कडेला काळी सावली दिसली तर दुर्बीण पुढेमागे सरकवून पाहा. तरीही गाल उचलावा लागत असेल तर दस्त्याची वरची धार ठेंगणी आहे, आणि गोळी सुटताच ती गालफडावर आपटणार. डोळा आणि दुर्बीण यांत साडेतीन ते चार इंच अंतर हवं. दस्त्याच्या टोकाला कडक प्लास्टिकची पट्टी असेल तर ती काढून जाड, मऊ रबरी पॅड बसवा. कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. फक्त पॅडने वाढलेली लांबी पुन्हा मोजा.

४. दचकता का, ते तपासा

मैदानावर सोबत्याला रायफल भरायला सांगा. कधी खरं काडतूस, कधी खोटं. कोणतं ते तुम्हाला कळू द्यायचं नाही. खोट्या काडतुसावर नळीचं टोक खाली झुकलं तर तुम्ही दचकता. अशा वेळी .२२ रिमफायर या छोट्या, जवळपास धक्का नसलेल्या काडतुसाच्या रायफलीवर सराव करा आणि मोठ्या रायफलीच्या एका बैठकीत १५-२० गोळ्यांवर थांबा. टेबलावर वाकून मारताना शरीर मागे जाऊ शकत नाही, त्यामुळे धक्का जास्त लागतो. टेकू उंच करून ताठ बसा.

५. मझल ब्रेक शेवटी

मझल ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचा भोकांचा तुकडा. त्याने धक्का तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी होतो, पण वायू बाजूला फेकला गेल्याने आवाज फार वाढतो. कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही लावा, शेजारच्यालाही लावायला सांगा. ब्रेक बसवल्यावर किंवा काढल्यावर गोळी लागण्याची जागा सरकते, म्हणून रायफल ज्या रूपात रानात नेणार त्याच रूपात पुन्हा शून्यावर आणा, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवा.