त्रुटी सांगणाऱ्या पर्ल मॉड्यूलचं डेबियन पॅकेज कसं करायचं

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात सीएनसी यंत्रांचे लॉग गोळा करणाऱ्या पर्लच्या स्क्रिप्ट चालतात. शॉप फ्लोअरवरच्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) संगणकांना बाहेरचं इंटरनेट नाही, आणि ते मुद्दामच दिलेलं नाही. त्यामुळे एकेका मशीनसमोर बसून सीपॅनवरून, म्हणजे पर्ल मॉड्यूलांच्या सार्वजनिक भांडारातून, मॉड्यूल (तयार कोड) उतरवता येत नाही. जे जाईल ते .डेब पॅकेज म्हणून, आतल्या रेपॉझिटरीतूनच (पॅकेजांच्या भांडारातूनच). रात्रपाळीत स्क्रिप्ट थांबली की सुपरवायझर फोनवर पडद्यावरचं वाचून दाखवतात, "मॅडम, ओळ दोनशे चौदा म्हणतंय." मी कोथरूडला घरी जी फाइल उघडून बसते, तिच्यातही दोनशे चौदावी ओळ तीच असायला हवी. त्रुटी सांगणारं मॉड्यूल पॅकेज करताना मी सगळ्यात जास्त जपते ते हे. पॅकेज बनलं, बसलं, एवढ्यावर काम संपत नाही. ते दाखवतं तो मार्ग आणि ओळ क्रमांक खरा हवा.

(खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करा.)

हातसरावासाठी डेव्हल::स्टॅकट्रेस घ्या. कुठलं फंक्शन कुठल्या ओळीवरून बोलावलं गेलं ती यादी, म्हणजे स्टॅकट्रेस, ते देतं. मॉड्यूल लहान आहे, निव्वळ पर्लमध्ये लिहिलेलं आहे, त्यात सीचा कोड नाही. मुख्य फायदा असा की ते डेबियनमध्ये आधीपासून आहे, म्हणजे उत्तरपत्रिका तयार आहे. पण ती आधी उघडू नका. स्वतः पॅकेज करा, मग 'एपीटी सोर्स'नं डेबियनचं उतरवा आणि दोन्हीकडच्या डेबियन फोल्डरचा डिफ (ओळीओळीतला फरक) काढा. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी याच वाटेनं नेते. डेबियनच्या नियमांचं, पॉलिसीचं पुस्तक वाचून जे डोक्यात शिरत नाही ते डिफमधल्या एका ओळीनं शिरतं.

कुठलंही मॉड्यूल हातात घेण्याआधी ते पर्लच्या गाभ्यातच नाही ना, हे 'कोअरलिस्ट' आज्ञेनं पाहा. त्रुटी सांगणारं कार्प हे मॉड्यूल 1994 मध्ये आलेल्या पर्ल 5 पासून सोबतच येतं. नुसती त्यातली क्रोक आणि कन्फेस ही फंक्शनं हवी असतील तर वेगळ्या पॅकेजची गरजच नाही. डेबियनमध्ये कुणी आधी केलंय का हे 'डीएच-मेक-पर्ल लोकेट' आणि पुढे मॉड्यूलचं नाव देऊन कळतं. नावाचा साचा ठरलेला आहे: आधी लिब, मग लहान अक्षरांत मॉड्यूलचं नाव, दुहेरी विसर्गाच्या (::) जागी आडवी रेघ, शेवटी पर्ल. म्हणजे डेव्हल::स्टॅकट्रेसचं झालं लिबडेव्हल-स्टॅकट्रेस-पर्ल. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये याच मॉड्यूलचं नाव पर्ल-डेव्हल-स्टॅकट्रेस, आणि तिथे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी स्पेक फाइल लिहावी लागते. मी इथे डेबियनपुरतंच सांगते.

लागणारी साधनं: बिल्ड-इसेन्शियल, डेव्हस्क्रिप्ट्स, डीएच-मेक-पर्ल, लिंटियन (पॅकेजातल्या चुका दाखवणारं) आणि एसबिल्ड (पॅकेज बांधणारं). सीपॅनवरची टारबॉल (मूळ कोडची एकत्र बांधलेली फाइल) उघडून त्या फोल्डरमध्ये डीएच-मेक-पर्ल चालवलं की कंट्रोल, रूल्स, कॉपीराइट, चेंजलॉग, वॉच अशा फाइलींचा कच्चा आराखडा तयार मिळतो. तो कच्चा आहे हे लक्षात ठेवून प्रत्येक फाइल उघडून वाचा.

पहिली गाठ आवृत्तीच्या आकड्याची. पर्ल 2.04 हा दशांश अपूर्णांक म्हणून वाचतं, त्यामुळे त्याच्या लेखी 2.1 ही नंतरची आवृत्ती. डेबियन टिंबानंतरचा भाग पूर्णांक म्हणून वाचतं, म्हणजे चार विरुद्ध एक. तिथे 2.1 जुनी ठरते आणि अपग्रेड होतच नाही. खात्री करायची तर 'डीपीकेजी --कंपेअर-व्हर्जन्स' चालवून पाहा. उपाय म्हणजे टिंबापुढे चार अंक भरून 2.0400 असं लिहायचं, आणि वॉच फाइलमध्ये (मूळ मॉड्यूलची नवी आवृत्ती शोधायला असते तीत) तसा बदल करणारा नियम घालायचा. डेबियननंही या मॉड्यूलसाठी हेच केलेलं दिसेल.

कंट्रोल फाइलमध्ये आर्किटेक्चर 'ऑल' ठेवा, म्हणजे सगळ्या प्रोसेसरांना एकच पॅकेज चालतं. सीचा कोड असलेल्या मॉड्यूलला 'एनी' लागतं, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी बांधणी. डेबहेल्पर-कम्पॅटची (बांधणीला मदत करणाऱ्या डेबहेल्पर साधनाची) पातळी 13 ठेवा. चाचण्यांना लागणारी मॉड्यूलं बिल्ड-डिपेंड्स-इंडेपमध्ये जातात, चालताना लागणारी डिपेंड्समध्ये. तिथे पर्ल:डिपेंड्स आणि मिस्क:डिपेंड्स हे दोन चल हवेतच. रूल्स फाइल जेमतेम तीन ओळींची असते, फक्त डीएच या आज्ञेच्या आधी टॅबच हवा, स्पेस चालत नाहीत.

कॉपीराइटवर मात्र वेळ घालवा. सीपॅनवरची बरीच मॉड्यूलं 'पर्लच्याच अटींवर' असतात, म्हणजे आर्टिस्टिक किंवा जीपीएल 1 आणि त्यापुढची. त्यांचे मजकूर डेबियनच्या सामायिक परवान्यांच्या फोल्डरमध्ये असतात, तिकडे बोट दाखवलं की पुरतं. डेव्हल::स्टॅकट्रेसचा परवाना आर्टिस्टिक 2.0 आहे. तो त्या फोल्डरमध्ये नाही, तिथे फक्त जुना आर्टिस्टिक आहे. म्हणून परवान्याचा पूर्ण मजकूर कॉपीराइट फाइलमध्येच द्यावा लागतो.

आता चाचण्या. इतर मॉड्यूलांच्या चाचण्या उत्तर बरोबर आलं का ते बघतात, त्रुटी सांगणाऱ्या मॉड्यूलांच्या चाचण्या वाक्य जसंच्या तसं आलं का ते बघतात. म्हणून पर्लनं आपल्या वाक्यात टिंब बदललं तरी त्या कोसळतात. पर्ल 5.16 मध्ये कार्पच्या संदेशात ओळ क्रमांकानंतर पूर्णविराम आला. पर्ल 5.38 मध्ये मॉड्यूल न सापडल्याच्या संदेशातलं '@आयएनसी कंटेन्स' जाऊन '@आयएनसी एंट्रीज चेक्ड' आलं. डेबियन 12 मध्ये पर्ल 5.36 आहे आणि डेबियन 13 मध्ये 5.40, म्हणजे हा बदल नेमका या दोघांच्या मधे पडतो. आमच्या कारखान्यात दोन्ही आहेत, आणि अशी अडचण अनेकांना येणार. चाचणी अशा कारणानं पडत असेल तर नोचेकचा (चाचण्या वगळण्याचा) पर्याय लावून ती गप्प करू नका. रेग्युलर एक्सप्रेशन (मजकूर जुळवायचा साचा) दोन्ही वाक्यं स्वीकारील असं लिहा आणि तोच पॅच (बदलाची फाइल) मूळ लेखकाकडेही पाठवा.

दुसरा प्रश्न मार्गाचा. बांधणीच्या वेळी मॉड्यूल ब्लिब/लिब या फोल्डरमधून लोड होतं, बसवल्यावर /यूएसआर/शेअर/पर्ल5 मधून. चाचणीत ब्लिबचा मार्ग ठोकून लिहिलेला असेल तर बांधणीत ती पास होईल आणि बसवल्यावर पडेल. हे पकडायला कंट्रोलमध्ये 'टेस्टसूट: ऑटोपीकेजीटेस्ट-पीकेजी-पर्ल' ही एक ओळ घाला. मग ऑटोपीकेजीटेस्ट बसवलेल्या पॅकेजवर त्याच चाचण्या पुन्हा चालवतं. या प्रकारच्या मॉड्यूलसाठी ही ओळ मी सक्तीची मानते.

पॅच क्विल्ट या साधनानं करा आणि वर कारण लिहा. मूळ फाइलच्या सुरुवातीला चार ओळी घातल्या की खालचे सगळे क्रमांक चारनं सरकतात. तुमचा वापरकर्ता मूळ लेखकाला "ओळ 214" कळवतो आणि लेखकाच्या फाइलमध्ये तिथे दुसरंच काही असतं. शक्य असेल तेव्हा ओळींची संख्या न बदलता दुरुस्ती करा. नाहीच जमलं तर बदल फाइलच्या जितका शेवटी नेता येईल तितका न्या.

बांधणी एसबिल्डनं, स्वच्छ क्रूटमध्ये (आपल्या प्रणालीपासून वेगळ्या, कोऱ्या डेबियनमध्ये) करा. आपल्या लॅपटॉपवर इतकं काही आधीच बसलेलं असतं की राहिलेलं अवलंबन तिथे दिसत नाही. डेबियनच्या नियमांनुसार बांधणीच्या वेळी नेटवर्क वापरायचं नसतं. आमच्यासारख्या बंद जाळ्यात काम करणाऱ्यांना तर ते परवडणारंच नाही. लिंटियन '-आय' आणि '--पेडॅन्टिक' लावून चालवा. ते प्रत्येक तक्रारीमागचं कारणही सांगतं.

पॅकेज बसवल्यावर एक तपासणी हमखास करा: मॉड्यूल लोड करून %आयएनसी मधली (कुठलं मॉड्यूल कुठल्या फाइलमधून आलं त्या यादीतली) त्याची नोंद छापून पाहा. /यूएसआर/लोकलचे मार्ग @आयएनसीमध्ये, म्हणजे पर्ल मॉड्यूलं जिथे शोधतं त्या मार्गांच्या यादीत, पॅकेजच्या मार्गाआधी येतात. त्या मशीनवर पूर्वी कुणी सीपॅनमधून तेच मॉड्यूल बसवलं असेल तर एपीटी तुमचं पॅकेज बसलं म्हणतं आणि पर्ल मात्र जुनीच फाइल वाचत राहतं. ट्रेसमधले ओळ क्रमांक त्या जुन्या फाइलचे असतात. /यूएसआर/लोकलमधली ती प्रत काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी पॅकेज वापरणाऱ्यांना सांगितलीच पाहिजे. स्टॅकट्रेस फंक्शनला दिलेली आर्ग्युमेंटही छापतो. डेटाबेसचा पासवर्ड आर्ग्युमेंट म्हणून गेला असेल तर तो लॉगमध्ये उमटतो, आणि लॉग पुष्कळ जण वाचतात. डेव्हल::स्टॅकट्रेसमध्ये त्यासाठी 'नो_आर्ग्ज' हा पर्याय आहे. मूळ लेखकानं ठेवलेली पद्धत पॅकेजमध्ये परस्पर बदलू नका. तुमच्या स्क्रिप्टमध्ये तो पर्याय द्या.

आतल्या रेपॉझिटरीसाठी आम्ही रेप्रेप्रो वापरतो. आपल्या बांधणीच्या आवृत्तीला '-1~भोसरी1' असं शेपूट लावा. टिल्डे (~) असलेली आवृत्ती साध्या -1 पेक्षा लहान मानली जाते, त्यामुळे डेबियनची अधिकृत प्रत आली की तीच आपोआप वर चढते.

मॉड्यूल डेबियनमध्ये नसेल आणि इतरांच्याही उपयोगाचं असेल तर ते कारखान्यातच ठेवू नका. डब्ल्यूएनपीपी या डेबियनच्या हव्या असलेल्या पॅकेजांच्या यादीत आयटीपी बग (पॅकेज करणार असल्याची सूचना) नोंदवा, मग साल्सा या डेबियनच्या कोड-साइटवरच्या डेबियन पर्ल गटात पॅकेज ठेवा. तिथले लोक बारकाईनं तपासतात आणि अपलोडसाठी प्रायोजकही तिथेच भेटतो. पुढची देखभाल बहुतांशी यूस्कॅन (वॉच फाइल वाचून नवी आवृत्ती शोधणारी आज्ञा) आणि चेंजलॉगची. निव्वळ पर्लच्या पॅकेजला पर्लची नवी आवृत्ती आली म्हणून पुन्हा बांधावं लागत नाही. सीचा कोड असलेल्यांना लागतं. तरी डेबियनची पुढची आवृत्ती शॉप फ्लोअरवर नेण्याआधी ऑटोपीकेजीटेस्ट नव्या पर्लवर चालवून घ्या, कारण संदेशांची वाक्यं तिथेच बदलतात.