खिचडीचं उष्टं किती? शाळेत मोजून ते कमी कसं करावं

‘अन्न वाया घालवू नका’ असं भिंतीवर लिहिलेलं असतं, तरी रोज खिचडी बादलीत जाते. मुख्याध्यापकांकडे किंवा शाळा व्यवस्थापन समितीकडे बदल मागायचा असेल तर हातात आकडा हवा. तो काढायला पाचवीचं गणित पुरतं.

पंचवीस किलोचा ताणकाटा, एक बादली, चाळण आणि वही एवढं जमवा. रिकाम्या बादल्यांचं वजन आधीच वहीत लिहून ठेवा. हे राहिलं की पुढचा सगळा हिशेब फुगतो.

वाढायला नेताना खिचडीची प्रत्येक बादली तोला. हे काम मोठ्यांचं. गरम बादलीजवळ मुलं नकोत. उष्टं मात्र मुलांनी तोलावं. ताटं धुण्याआधी त्यातलं उष्टं चाळणीतून बादलीत काढा, कारण हात धुतलेलं पाणी त्यात पडलं तर किलो-दोन किलो सहज वाढतात. पातेल्यात उरलेलं वेगळं तोलून वेगळ्या रकान्यात लिहा. ताटातलं उष्टं वाढण्याच्या पद्धतीमुळे होतं, पातेल्यातलं शिजवण्याच्या अंदाजामुळे. दोन्हींवर उपाय निराळे आहेत. पटसंख्या घेऊ नका, त्या दिवशी जेवलेली मुलं मोजा.

असं सलग दहा दिवस करा. एका दिवसाच्या आकड्यावर कुणीही म्हणेल, ‘त्या दिवशी मीठ जास्त झालं होतं.’

आता हिशेब. समजा पहिली ते पाचवीच्या शाळेत दहा दिवसांत 1150 ताटं वाढली, वाढलेली खिचडी 460 किलो आणि ताटातलं उष्टं 36.8 किलो. रोजची टक्केवारी काढून तिची सरासरी घेऊ नका. कमी हजेरीचा दिवस उगाच जड होतो. दहा दिवसांच्या बेरजेला बेरजेनेच भागा: 36.8 ÷ 460 = 0.08, म्हणजे 8 टक्के.

‘8 टक्के’ ऐकून समितीत कुणी हलत नाही. म्हणून ते ताटांत सांगा: 1150 चे 8 टक्के म्हणजे 92 ताटं. पहिली ते पाचवीला प्रत्येक मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ ठरलेली आहे, म्हणजे 9.2 किलो तांदूळ आणि 1.84 किलो डाळ गेली. (सहावी ते आठवीला 150 आणि 30 ग्रॅम धरा.) शिजलेल्या 36.8 किलोंना ‘इतका तांदूळ गेला’ म्हणणं ही इथली सर्वांत मोठी चूक. त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि स्वयंपाक करणाऱ्या ताई ती लगेच पकडतील. वर्षाचा आकडा हवाच असेल तर 200 दिवसांचा धरा, 1840 ताटं, आणि पुढे ‘अंदाजे’ लिहा.

मागणी एकच ठेवा, लगेच करता येईल अशी: पहिल्यांदा अर्धा डाव, मग मागेल तितकं. भुकेल्या मुलाचं ताट कमी होणार नाही हे आधीच लिहून द्या. त्याशिवाय ही मागणी करूच नये.

मग पुन्हा दहा दिवस मोजा. या वेळी दोन्ही रकाने बघा. ताटातलं उष्टं घटलं पण पातेल्यात तेवढंच उरू लागलं, तर वाया जाण्याची फक्त जागा बदलली. तेव्हा सकाळची हजेरी घेतल्यावरच तांदूळ मोजून काढायला सांगा.