छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं तेव्हा काय करायचं

पहाटे डोळे उघडतात, पंख्याचा आवाज येतो, खोली ओळखू येते, पण हात उचलत नाही आणि हाक फुटत नाही. दारात कुणीतरी उभं असतं, मग ते येऊन छातीवर बसतं. गावाकडं 'रात्री दाबतंय' म्हणतात. कुणी मुंजाचं नाव घेतं, कुणी हडळीचं. डॉक्टर याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. दिसलेलं खरं नसलं तरी सांगणारा खोटं बोलत नाही, हे घरच्यांनी आधी धरून चालावं.

ज्या झोपेत ठळक स्वप्नं पडतात तिला रेम झोप म्हणतात. त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर स्वप्नातली पळापळ आपण बाजेवरच केली असती. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागून सुटतात. तेवढ्यात उघड्या डोळ्यांपुढं उरलेलं स्वप्न चालू राहतं. श्वासाचा मुख्य पडदा काम करत असतो. बरगड्यांमधले स्नायू मात्र सैल असतात, त्यामुळं मुद्दाम खोल श्वास घेता येत नाही आणि छातीवर वजन वाटतं. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, हे आपोआप सुटतं. यानं जीव जात नाही. रेम झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, म्हणून पहाटेच हे जास्त होतं.

त्या वेळी

उठून बसायची झटापट करू नका. ओरडायचा जोर लावला की आवाज निघत नाही आणि भीती दुप्पट होते. डोळे मिटा, समोरचं दिसणं कमी होतं. मनात म्हणा, 'हे झोपेचं आहे, आत्ता सुटेल.' श्वास ओढून घेऊ नका, फक्त सोडताना हळू सोडा. मन एका ओळखीच्या गोष्टीवर टेका: लेकराचा चेहरा, हरिपाठातली एक ओळ, विठ्ठलाचं नाव. हलायचंच असेल तर एकच करंगळी किंवा पायाचा अंगठा हलवून बघा. जमलं नाही तर सोडून द्या, पुन्हा पुन्हा ताण देऊ नका.

सुटल्यावर लगेच तसेच पुन्हा झोपलात तर तेच पुन्हा लागू शकतं. उठा, तोंडावर पाणी मारा, ५ ते १० मिनिटं बसा, मग कुशीवर झोपा. मोबाईल उघडू नका.

शेजारी झोपलेल्यानं खांद्याला हात लावून नावानं हाक मारावी. बरेचदा तेवढ्यानं सुटतं. पाणी ओतू नये, हिसके देऊ नयेत.

पुन्हा होऊ नये म्हणून

सगळ्यात मोठं कारण अपुरी आणि वेळी-अवेळी झोप. लातूरला नीटची तयारी करणारं पोर रात्री १ वाजता झोपून ५ ला उठतं, वाळूजच्या कंपनीत दर आठवड्याला पाळी बदलते, शेतात रात्रीची लाईट आली की पाणी द्यायला जावं लागतं. मोठ्या माणसाला किमान ७ तास हवेत, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १०. उठायची वेळ रोज ठरलेली ठेवा, अर्ध्या तासापलीकडं हलू देऊ नका. रात्री पाणी द्यायला जायचं असेल तर संध्याकाळी दीड तास झोपून जा, आणि सकाळी आल्यावर खिडकीला जाड चादर लावून झोप पुरी करा.

उताणं झोपणाऱ्याला हे जास्त होतं. बनियनच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, जुन्या फडक्याचा लिंबाएवढा गोळा शिवा. उताणं होताच टोचतो. दुपारी ३ नंतर चहा नको. झोपताना मिश्री, तंबाखूही नको. दारूनं झोप लागते खरी, पण रात्रीच्या उत्तरार्धात दबलेली रेम झोप उसळून येते. झोपेच्या गोळ्या मनानं घेऊ नका. मानसिक आजाराचं चालू औषध एकदम बंद केलं तरी हा त्रास वाढू शकतो.

मण्यार विसरू नका

आपल्याकडं पावसाळ्यात भुईवर झोपणाऱ्याला रात्री मण्यार हा विषारी साप चावतो. दंश जवळपास दुखत नाही, सूजही नसते, खूण बरेचदा सापडत नाही. पापण्या जड होऊन खाली येणं, पोटात दुखणं, गिळता न येणं, बोलणं अडखळणं, आणि हे मिनिटागणिक वाढत जाणं म्हणजे स्लीप पॅरालिसिस नव्हे. तो सुटत जातो, विष चढत जातं. १०८ ला फोन करा आणि सापाचं औषध असलेल्या दवाखान्यात न्या, वाट बघू नका.

अंग सुटल्यावरही छातीत दुखत राहिलं, किंवा हातपाय तासन्‌तास लुळे राहिले, तरी लगेच दवाखाना. झटके येणं, जीभ चावली जाणं, अंथरुणात लघवी होणं ही फिटची लक्षणं असू शकतात.

दिवसा आवरता न येणारी झोप, हसताना गुडघे गळून जाणं, घोरताना श्वास थांबणं, किंवा आठवड्यातून अनेकदा हा प्रकार होणं असं असेल तर मानसोपचार किंवा मेंदूविकार विभागात दाखवा. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं.

देवाला नारळ फोडून मन हलकं होत असेल तर खुशाल फोडा. पण भूत काढायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे; ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि दंड होतो.

डॉक्टरकडं जाताना दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा: किती वाजता झोपलो, कधी उठलो, उताणं की कुशीवर, शेवटचा चहा कधी, त्रास किती वाजता झाला. डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतात.