आपसात घटस्फोट घेताय? मुलांचं सगळं आधी कागदावर आणा

आपसात घटस्फोट घ्यायचं ठरलं की बहुतेक जण वकिलाला पहिला प्रश्न विचारतात, किती दिवस लागतील. आणि ज्या कागदावर मुलाची पुढची सगळी वर्षं जाणार आहेत त्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी संमतीने ठरवून कोर्टात द्यायच्या अटी, मात्र कुठल्यातरी जुन्या ड्राफ्टवरून उचललेल्या असतात, त्यात मुलाबद्दल जेमतेम दोन ओळी, ताबा आईकडे राहील आणि वडिलांना वाजवी ॲक्सेस (म्हणजे मुलाला भेटण्याची मुभा) राहील. वाजवी म्हणजे किती, कधी, कुठे, काहीच नाही. आज दोघं नीट बोलताय म्हणून ते खटकत नाही, पण उद्या एकाचं दुसरं लग्न होतं, कुणाची बदली होते, घरातली मोठी माणसं मधे पडतात, आणि मग त्या एका शब्दावरून परत कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून कळकळीने सांगते, बोलणं चालू आहे तोवरच सगळं बारीकसारीक लिहून घ्या, नंतर बघू म्हणू नका.

आधी प्रोसेस थोडक्यात. हिंदू विवाह कायदा १९५५ चं कलम १३ब, आणि रजिस्टर म्हणजे स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न झालं असेल तर त्यातलं कलम २८. (इतर धर्मांचे कायदे वेगळे आहेत आणि गोव्यातही वेगळा कायदा चालतो, तिथे स्थानिक वकिलाला विचारा.) अर्जाच्या आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं, मुंबईत दोन घरांचं भाडं परवडत नाही म्हणून एकाच फ्लॅटमध्ये दोन खोल्यांत राहत असाल तरी ते धरलं जातं, सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच तसं सांगितलंय. मग फर्स्ट मोशन, म्हणजे दोघांनी मिळून कोर्टात पहिला अर्ज, त्यानंतर सहा महिने थांबायचं, आणि १८ महिन्यांच्या आत सेकंड मोशन, म्हणजे घटस्फोट हवाच आहे असं दोघांनी कोर्टाला परत सांगणं. निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हेही लक्षात असू दे. फॅमिली कोर्टात, मग ते बांद्र्याचं असो की पुण्याचं, मॅरेज कौन्सेलरकडे पाठवतात, तिथे जायला घाबरू नका, मुलाच्या भेटीगाठींचं जुळत नसेल तर त्यांच्यासमोर बसून बरंच जमतं.

आता ते सहा महिने. २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून ते माफ होऊ शकतात, पण आपोआप नाही, तसा अर्ज करावा लागतो. कोर्ट बघतं की अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहून झालंय का, समेटाचे प्रयत्न संपलेत का, आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलंय का. म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनीसुद्धा मुलांचं आधी नीट ठरवणंच फायद्याचं आहे.

मग लिहायचं काय? अगदी घड्याळ लावून लिहा. उदाहरणार्थ: "दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी १० वाजता वडील मुलीला आईच्या सोसायटीच्या गेटवरून नेतील आणि रविवारी संध्याकाळी ६ वाजता तिथेच सोडतील. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर होणार असेल तर आधी मेसेज करतील. मुलगी आजारी असल्यामुळे भेट चुकली तर पुढचा शनिवार-रविवार मिळेल." वाचायला कोरडं वाटतं पण या तीन वाक्यांनी पुढची कितीतरी भांडणं होतच नाहीत.

सणांचं तर नक्की लिहा, कारण आपल्याकडे खरं दुखतं ते तिथेच. गणपती कुणाच्या घरचे, गौरींना मूल कुठे, लक्ष्मीपूजन एका वर्षी इथे तर पुढच्या वर्षी तिथे, भाऊबीजेला चुलत-मामे भावंडं भेटायला हवीत की नकोत. मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी करा आणि कुणाची आधी हे दरवर्षी आलटून पालटून. शिवाय शाळेत दोघांचे नंबर, पेरेंट्स ग्रुपवर दोघं, ओपन हाऊसला दोघांनाही जाता येईल, ऑपरेशनची वेळ आली तर निर्णय कसा घ्यायचा, आजी-आजोबांना भेट कशी, पासपोर्टच्या सह्यांना दोघं सहकार्य करतील, परदेशी नेताना तिकिटाची आणि राहायच्या ठिकाणाची माहिती किती दिवस आधी द्यायची, हे सगळं.

पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं असं हिंदूंसाठीच्या १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात आहे, पण कोर्ट शेवटी मुलाचं हित बघतं. जॉइंट कस्टडी, म्हणजे दोघांकडे मिळून ताबा, कायद्यात यावी अशी शिफारस लॉ कमिशनने २०१५ मध्ये केली होती. तुम्ही दोघं राजी असाल तर तशी व्यवस्था आजही टर्म्समध्ये लिहून कोर्टापुढे ठेवू शकता. आणि ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो, परिस्थिती बदलली तर बदलून मागता येतो, म्हणून मूल दहाचं झालं की आणि मग दहावीच्या आधी दोघं बसून परत बघतील असंही कलम टाका.

पैशात बायकोची पोटगी आणि मुलाचा खर्च वेगवेगळा लिहा. आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा हक्क सुटत नाही. फी दरवर्षी वाढते तेव्हा नुसता आकडा नको, वाढ किती टक्के तेही हवं. फी थेट शाळेत भरली तर उत्तम. घराचं कर्ज दोघांच्या नावावर असेल तर घटस्फोट झाला म्हणून बँक एकाला मोकळं करत नाही, ते बँकेत जाऊन वेगळं मिटवावं लागतं.

मुलाला सांगताना दोघांनी एकत्र सांगा, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, आणि काय बोलायचं ते आधी ठरवून. "आई आणि बाबा आता वेगवेगळ्या घरात राहणार आहेत. यात तुझी काहीही चूक नाही. शाळा तीच राहील, आणि शनिवारी बाबांकडे जायचंय." एवढं पुरे. पुढचे प्रश्न मूल हळूहळू विचारतं, कधी रात्री झोपताना तर कधी भलत्याच वेळी रिक्षात, तेव्हा खरं आणि थोडक्यात उत्तर द्या. दोन्ही घरी कपड्यांचा जोड, ब्रश, रंगपेटी असली की मुलाला दरवेळी पाहुण्यासारखी बॅग भरावी लागत नाही. गेटवर फक्त जेवलीय का, औषध कधी, होमवर्क काय राहिलाय एवढंच बोला, पैशाचा विषय तिथे काढू नका, आणि "बाबांना सांग फी भरायला" असे निरोप मुलाकडून तर कधीच पाठवू नका. परत आल्यावर "तिकडे कोण आलं होतं" अशी उलटतपासणी नको, आणि आत्या-मावशीलाही हे स्पष्ट बजावून ठेवा.

मात्र मारहाण, धमक्या, दहशत असेल तर हे गोडीगुलाबीचं सगळं बाजूला ठेवा. आधी सुरक्षितता, १८१ वर फोन करा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, तिथे समजूतदारपणा दाखवायची जबाबदारी तुमची नाही.

निकाल लागला की डिक्रीच्या (म्हणजे घटस्फोटाच्या कोर्टाच्या हुकमाच्या) सर्टिफाइड कॉपी दोन-तीन जास्तीच्या काढून ठेवा, शाळा, पासपोर्ट ऑफिस, बँक सगळीकडे मागतात. आणि पीएफ, विमा, बँक, म्युच्युअल फंड सगळीकडचे नॉमिनी त्याच महिन्यात बदला, तिथे जुनंच नाव राहून जातं.